बिघडलंच तर उशीच्या खोळी

४ मार्च
नूरोआ आजीच्या डोळ्यांचं आज पक्कं झालं. रारोटोंगाहून आलेल्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, इथे आमच्या बेटावर काही होणार नाही, ऑकलंडला जावं लागेल. तिचा मुलगा तिथेच असतो. त्याने लगेच जूनअखेरचं तिकीट काढतो म्हणून कळवलं. "आणि मग इथेच राहा, आई," असंही म्हणाला. आजीने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. या वयात आमच्या माउकेहून ऑकलंडला गेलेली माणसं परत येतात तेव्हा बहुतेक सामानाच्या दारातून उतरतात, हे तिलाही ठाऊक आहे.

डॉक्टर गेल्यावर तिने मला जवळ बसवलं. "अकाइती, मला माझं तिवाएवाए हवंय. जाताना बरोबर न्यायचं. तिकडे काही झालं तर दुकानातल्या चादरीत नाही गुंडाळून घ्यायचं मला."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? गाऊन दाखवू?"

खरं म्हणजे आमच्या शिवणाच्या गटातल्या प्रत्येकीच्या पेटीत आजीच्या कात्रीचं एक तरी तिवाएवाए, म्हणजे नक्षी कापून दुसऱ्या कापडावर शिवलेलं पांघरूण, आहे. लग्नाचं, बाळाचं, काहींचं शेवटचं. तिच्या स्वतःच्या पेटीत मात्र एकही नाही. आपलं पांघरूण आपण कापायचं नाही, दुसरीने कापून द्यायचं, हा आमच्या गटाचा नियम. चाळीस वर्षं कापणारी एकच, मग तिला कोण कापून देणार?

"माणूस तू शोध," आजी म्हणाली. "तुझे हात जड आहेत, पण पाय बरे चालतात."

तेवढं करीन मी. नाहीतरी गटात माझं काम काय? कापायच्या दिवशी कापडाची घडी घालायची आणि समोर बसून ती धरायची. त्याला काही अक्कल लागत नाही.

७ मार्च
सगळ्या जमल्या होत्या. मी विषय काढला आणि अख्ख्या गटाच्या तोंडाला कुलूप लागलं. एरवी हिच्या डुकराने तिच्या तारोचे कंद उकरले यावर तासभर भांडतील. मग सबबी निघाल्या. कोणाचा खांदा दुखतो, कोणाला मायरेच्या पानांच्या माळा गुंफायच्या आहेत, कोणाचा चष्मा डुकराने खाल्ला. तेउपोको तेवढी खरं बोलली, आणि ती खरं बोलते तेव्हा टोचतंच. "आजीसाठी कात्री चालवायची म्हणजे पाळकांना प्रवचन शिकवायला जायचं. चुकलं तर मेल्यावरही ती त्यात गुंडाळलेली! मी नाही बाई. तूच का नाही कापत, अकाइती?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझी कात्री म्हणजे विळ्याची बहीण.

१६ मार्च
सापडली बहुतेक. आज चर्चनंतर मुलांच्या वर्गाच्या खिडकीवर कागदी नक्षी लावलेली दिसली. कागद आठपदरी दुमडून कापलेला, उघडला की मधून चारी बाजूंना फुलं पसरलेली. इतकी बारीक कात्री मी आजीशिवाय कोणाची पाहिली नाही. पोरांना विचारलं तर म्हणाली, मिरिआमाने केलंय.

मिरिआमा म्हणजे माझ्या मावसभावाची सून. जन्म ऑकलंडचा, इथे येऊन दोन वर्षं झाली. गटात मागे बसून टाके घालते. बोलली की आपली भाषा अडखळत येते, म्हणून बोलतच नाही. डावखुरी आहे.

मी विचारलं तर पांढरीच पडली. "मावशी, तो कागद आहे. पोरांसाठी. कागद चुकला तर चुलीत टाकते मी."

"किती टाकलेस?"

"खूप."

मग शिकलीस की, असं मी म्हटलं. ती उठून भांडी घासायला लागली.

२२ मार्च
रोज जाते. कधी नारळाच्या दुधातलं केळ्यांचं पोके नेते, कधी तारोची पानं. मोकळ्या हाताने गेले तर वाटेल मागे लागलेय, खाऊ नेला तर वाटतं भेटायला आलेय. आज ती बोलली अखेर.

"मी इथली नाही, मावशी. तेउपोको मावशी मला अजून 'ऑकलंडची' म्हणतात. मी आजीचं पांघरूण बिघडवलं तर आयुष्यभर तेच नाव राहील माझं. 'ती, जिने आजीचं कापड नासलं.'"

मी म्हटलं, "तेउपोकोला स्वतःच्या नवऱ्याला नावाने हाक मारायला सहा वर्षं लागली. तिचं काय घेऊन बसलीस?"

हसली. मग मी सांगितलं की हात थरथरला तर थरथरू दे, ते कापडाला कळत नाही, कात्री मधे थांबली तर कळतं. हे मला कोणी शिकवलं? कोणीच नाही. आजी कापत असते तेव्हा समोर बसून काहीतरी बोलायचं म्हणून बोलते, त्यातलंच एक. लोकांना सांगताना मला शब्द बरे सुचतात. स्वतः करायची वेळ आली की सगळे पळून जातात.

घरी येऊन माझ्या नवऱ्याला, इओआनेला, हेच म्हटलं. तो जाळं विणत होता. "होडी उलटली होती माझी, आठवतं?" म्हणाला. "चार महिने पाण्यात उतरलो नव्हतो. तू रोज किनाऱ्यावर येऊन बसायचीस आणि म्हणायचीस, नुसता गुडघ्यापर्यंत जा, मी इथे माशा मारत बसते." मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? त्याने पुढची गाठ मारली.

९ एप्रिल
जुन्या चादरीवर मिरिआमाने पहिल्यांदा कापून पाहिलं. हाताला घाम येऊन कात्री निसटली आणि एक फांदी तुटली. ती रडायच्या बेतात होती.

"बिघडलंच तर उशीच्या खोळी शिवू," मी म्हटलं. हे मी नेहमीच म्हणते, आजीलाही. आजवर एकदाही शिवायची वेळ आली नाही ही गोष्ट वेगळी.

आज मात्र खरंच शिवल्या. त्या चादरीच्या दोन खोळी निघाल्या, एक तिला, एक तिच्या सासूला. दुसरी चादर तिने न अडखळता कापली.

परत येताना आठवलं. मुलीच्या बाळंतपणाला मी रारोटोंगाला होते तेव्हा पाळकांच्या बायकोचं पांघरूण मी येईपर्यंत तसंच पडून होतं. घडी धरायला कोणी नव्हतं म्हणे. एवढ्या बायका असून! आजीच्या लहरी.

२६ एप्रिल
विमानाने कापड आलं. आजीने लाल मागवलंय, त्यावर नीरफणसाची पानं.

तेउपोको म्हणालीच, "लाल नीरफणस कुठे पाहिलास, आजी?"

"मला आता लाल तेवढंच दिसतं. हिरवं घेतलं तर माझं पांघरूण मला सोडून सगळ्यांना दिसेल."

आजीने कापड गालाला लावून पाहिलं. मग मिरिआमाचा डावा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपलं. "चांगला आहे," एवढंच म्हणाली. मिरिआमा दिवसभर तो हात जपून वापरत होती.

३ मे
लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

आज कापलं. आजीच्या ओसरीवर चटया अंथरल्या होत्या, सगळ्या आल्या होत्या. कापडाची घडी मी घातली. आधी निम्मी, मग परत निम्मी, मग तिरकी. या त्रिकोणाचं एक टोक बंद असतं, तेच पांघरुणाचा मध्य. नक्षी तिथून सुरू करायची, म्हणजे उघडल्यावर सगळं एकसंध राहतं. इतकी वर्षं ते टोक मी आजीच्या उजव्या हाताकडे ठेवत आले, डोळे मिटून ठेवीन. आज कापणारी डावखुरी, म्हणून घडी फिरवायची होती. तेउपोको तिच्या जावयाची आणि बकऱ्याची गोष्ट सांगत होती, सगळ्या हसत होत्या, मीही हसत होते, आणि हसता हसता मी घडी एकदा फिरवायची ती बहुतेक दोनदा फिरवली. मिरिआमासमोर बंद टोकाऐवजी सुटं टोक आलं.

मी समोर बसले. म्हटलं, "घाल कात्री. बिघडलंच तर उशीच्या खोळी." तिने एकदाही न थांबता कापलं. इतकं सुंदर कापलं पोरीने, काय सांगू.

उघडायला चौघी चार कोपऱ्यांना उभ्या राहिल्या. कापड उचललं आणि लाल पानं एकेक सुटी होऊन चटईवर पडली. सगळी पडली. हातात राहिलं ते मधलं कोरं कापड, कडा खाल्लेलं.

मिरिआमा माझ्याकडे बघत होती. "मला वाटलं, तू ठेवलंस म्हणजे बरोबरच असेल," म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आजी विचारत होती, "काय झालं? दिसायला कसं झालंय? कोणी सांगाल का?" मी घरी निघून आले.

४ मे
चर्चला गेले नाही. इओआनेने विचारलं तर डोकं दुखतं म्हटलं. चाळीस वर्षांत मला एकच काम होतं. तेही गेलं.

७ मे
घडी घालता येत नाही ती बाई लोकांना धीर देत फिरते. त्या पोरीला मी ओढून आणलं नसतं तर ती आपली कागद कापत सुखात होती. आता तिला नाव पडेल ते माझ्यामुळे. लाल कापड पुन्हा मागवायचं तर रारोटोंगाच्या दुकानात संपलंय म्हणतात. आजी तशीच जाणार, रिकाम्या हाताने.

दुपारी तेउपोको कुंपणाशी आली होती. मी मागच्या दाराने मायरे तोडायला रानात गेले.

८ मे
आज मिरिआमा आली. हातात पोके! माझ्यापेक्षा बरं झालं होतं, हे इथे लिहिते, तिला सांगणार नाही.

"मावशी, चल. आजी बोलावतेय."

"माझं डोकं..."

"दुखू दे. थरथरतं डोकं कापडाला कळत नाही."

"मी हाताबद्दल म्हटलं होतं."

"हो का? मग हात घेऊन चल." आणि दारात उभी राहून, अडखळत, आपल्या भाषेत म्हणाली, "बिघडलंय. मग? उशीच्या खोळी शिवायच्या म्हणाली होतीस ना? का फक्त दुसऱ्याचं बिघडलं तरच शिवायच्या?"

मला रडू आलं. ती तशीच उभी राहिली, मग माझी टोपी शोधून माझ्या डोक्यावर ठेवली.

आजीच्या ओसरीवर ती लाल पानं पांढऱ्या कापडावर पसरून ठेवली होती. आजी गुडघ्यांवर बसून एकेक पान हाताने चाचपत होती. मी आल्याचं तिला पावलांवरून कळलं.

"ये. चार दिवस कुठे होतीस? ही बघ, माझ्या परसातल्या झाडाखाली सकाळी अशीच पडलेली असतात. पन्नास वर्षं झाडतेय मी. झाडावरची पानं सगळ्यांच्या पांघरुणावर असतात, पडलेली कोणाच्याच नाहीत. ही अशीच सुटी शिवायची. प्रत्येकीने एकेक पान घ्यायचं, आपल्या रंगाच्या धाग्याने शिरा भरायच्या."

"आजी, चूक माझी होती. घडी मी..."

"मला माहितीये. मिरिआमा म्हणाली, माझीच चूक. तेउपोको म्हणाली, बकऱ्याची. आता तू म्हण." ती जरा थांबली. "अकाइती, पहिला काप घालताना दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा."

"तुझ्या?"

"दर वेळी. शेवटच्या पांघरुणापर्यंत. मी डोळे मिटायचे ना, सगळ्यांना वाटायचं आजी प्रार्थना करतेय. कसली प्रार्थना! तू समोरून खोळींचं कधी बोलतेस त्याची वाट बघायचे. ते ऐकलं की वाटायचं, जास्तीत जास्त काय होईल, खोळी होतील."

"मला वाटायचं, घडी धरायला बोलावतेस."

"घडी धरायला दगडही चालला असता. दगड फिरला तरी नसता."

तेउपोको इतकी हसली की खोकला लागला तिला. मी हसले की रडले ते आठवत नाही. दोन्ही केलं असावं.

मग आजी म्हणाली, मधे जागा रिकामी पडतेय, आणखी पाच-सहा पानं हवीत, उरलेल्या लाल कापडातून अकाइती कापेल. मी कात्रीला हात लावायला तयार नव्हते. मिरिआमा माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसली, समोर, कापड दोन्ही हातांनी ताणून धरून. काही बोललीच नाही. मी कात्री धरून वाट बघत राहिले, आणि तेव्हा मला कळलं की मी वाट बघतेय.

"काप गं, मावशी," ती म्हणाली. "खोळी आहेतच."

कापलं. पान कमी, खेकडा जास्त दिसत होता. दुसरं जरा बरं आलं.

११ जून
सगळ्या शिवतायत. आजीच्या घरी, चर्चच्या ओसरीवर, तेउपोको तर बंदरावर बोटीची वाट बघतानाही. कोणी पिवळ्या धाग्याने शिरा भरल्यात, कोणी निळ्या. तेउपोकोने आपल्या पानाला बकऱ्याने खाल्ल्यासारखा एक तुकडा मुद्दाम कमी ठेवलाय. आजकाल ती मिरिआमाला "कापणारी" म्हणते. "कापणारीला विचारा," "कापणारीला चहा द्या." पोरीचे कान लाल होतात, पण ओ देते.

उरलेल्या तुकड्यांची मी एक खोळ शिवतेय. कोणाला सांगितलेलं नाही.

२७ जून
आजी गेली. मोठी पेटी, दोन टोपल्या तारो, आणि तिवाएवाए स्वच्छ धुऊन, घडी करून. ती घडी मीच घातली. धावपट्टीशेजारच्या छपरात सगळा गट गात होता आणि आजी मधे खुर्चीवर, गळ्यात इतक्या माळा की हनुवटी दिसत नव्हती.

मी खोळ घातलेली उशी तिच्या मांडीवर ठेवली. शिवण वाकडी आहे, मला ठाऊक आहे. तिने चाचपून पाहिली, कडेकडेने, कोपरे मोजल्यासारखी.

"ही खोळ?"

"हो."

"चाळीस वर्षं थांबले मी हिच्यासाठी," असं म्हणून ती हसली. मिरिआमाने पांघरूण हातात दिलं तर म्हणाली, "ते सामानात टाका. ते नंतर लागेल. उशी आत्ता लागेल मला, चार तास बसायचंय." उशी पोटाशी धरून पायऱ्या चढली. शेवटच्या पायरीवर थांबून चुकीच्या बाजूला हात हलवला. आम्ही सगळ्या पळत त्या बाजूला गेलो.

फार रडले मी. आताही लिहिताना रडतेय, आणि लिहायचं थांबवणार नाही.

१२ जुलै
ऑकलंडहून फोन आला. एका डोळ्याचं झालं. पट्टी काढल्यावर आजीने पहिलं तिवाएवाए मागितलं आणि पलंगावर पसरून अर्धा दिवस बघत बसली म्हणे. मला फोनवर म्हणाली, "तुझा खेकडा सापडला. काय कुरूप आहे गं! दुसऱ्या डोळ्याचं झालं की येते, तोवर नीट कापायला शीक." येते म्हणाली. दोनदा विचारून घेतलं, येते असंच म्हणाली.

आणखी एक. मिरिआमाला दिवस गेलेत. बाळासाठी पांघरूण हवं, आणि आपलं आपण कापायचं नाही हा नियम. गटात विषय निघाला तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.

शनिवारी कापायचं ठरलंय. घडी तेउपोको घालणार आहे, बकऱ्याची गोष्ट सांगणार नाही असं तिने कबूल केलंय. समोर मिरिआमा बसेल. कापड धुऊन वाळत घातलंय, आणि सकाळपासून माझ्या पोटात गोळा आहे. इओआनेला सांगितलं. त्याने जाळ्यातून मान वर न करता म्हटलं, "बिघडव खुशाल. आपल्या उशांना खोळी नाहीतच."